म्हशीची बादली

सासरी माझं पहिलं भांडण झालं ते नवऱ्याशी नाही. एका बादलीवरून झालं.

लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता. यवतमाळात कापसाच्या जीनच्या मागच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण, अंगणात गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. नवरा जीनमध्ये कामाला. सासरे मी पाहिलेच नाहीत, ते आधीच वारले होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. मी अंगणात भांडी घासत होते आणि आत्याबाई डोक्यावर पत्र्याची बादली घेऊन बाहेरून आल्या. बादली खाली ठेवली, चुंबळ झटकली. मी डोकावून पाहिलं. आत वांग्याचे देठ, केळीची सालं, भाताची खरवड, डाळीचं धोवण, आणि सगळ्यांच्या वर कोणाच्या तरी ताटातली अर्धी पोळी.

घरात म्हैस आहे हे मला लग्नाआधी सांगितलं होतं. ती काय खाते हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग माझ्या नाकावर असतो, आजही आहे, नातवंडांना विचारा. पण त्या दिवसाचा राग नुसता स्वभावाचा नव्हता. तो समजायला माझे बाबा सांगायला हवेत.

माझं माहेर महागावाकडचं, खेड्यातलं. आमच्या लोकांकडं पिढ्यानपिढ्या गावकीचं काम. मेलेली ढोरं ओढायची, निरोप पोचवायचे, आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी दारोदार भाकरीचे तुकडे मागायचे. बाबा लहानपणापासून टोपली घेऊन जायचे. मागच्या दारी उभं राहायचं, 'वाढा व माय' म्हणायचं आणि वरून पडेल तो तुकडा झेलायचा. छप्पन साली बाबा नागपूरला गेले, दीक्षा घेतली, आणि परत येऊन घरात पाय ठेवल्याबरोबर ती टोपली उचलून चुलीत घातली. टोपली ओलसर होती. जळायच्या आधी तिनं इतका धूर केला की आई खोकत खोकत बाहेर पळाली. बाबा मात्र आतच बसून राहिले, टोपली पुरती जळेपर्यंत. त्या दिवशी घरात नुसती अंबाडीची भाजी होती, तीच आम्ही सगळ्यांनी खाल्ली. पोट भरलं नाही, पण बाबा इतके आनंदात होते की भूक लागली म्हणायची आमची हिंमत झाली नाही.

पुढं माझं लग्न ठरलं तेव्हा मानपानाचं बोलणं निघालं. बाबा म्हणाले, "मले काही बोलाचं नाई. फक्त माह्या पोरीच्या ताटात कोणाचं उष्टं नाई आलं पाह्यजे." आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. "नाई येणार," एवढंच त्या म्हणाल्या, आणि लग्न ठरलं.

आणि आता ही बादली.

"आत्याबाई, हे काय आणलं?"

"म्हशीचं हाये."

"लोकं म्हशीचं म्हणतीन का आपलं? माह्या बाबाले तुम्ही शब्द देलता."

नवी सून असं बोलली म्हणून दुसऱ्या एखाद्या सासूनं गाव गोळा केलं असतं. आत्याबाईंनी बाही वर सारली, त्या खरकट्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बुडातून मूठ भरून वर काढली. मुठीत भिजलेली सरकीची ढेप होती आणि कुटार, म्हणजे भुसा.

"निंघाच्या आंधी बुडाले हे टाकाचं," त्या म्हणाल्या. "मंग वरून कोणी काही टाको. ह्याच्यात पडलं ते ढोराचं झालं. माणूस त्याले हात लावत नाई. तुह्या ताटात कसं येईन?"

मला पटलं का? नाही. मी अबोला धरला. पण अबोला धरून म्हशीचं पोट भरत नाही, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. बादली आली की ती घमेल्यात उपसून निवडावी लागे. बांगडीची काच, टाचणी, लिंबाची फोड बाजूला काढायची. कांद्याची टरफलं काढायची, दुधाला वास येतो. सुरुवातीला मी नाकाला पदर लावून बसायची. मग पदर खाली आला. पुढं पुढं तर सालांवरून कोणाकडं काय शिजलं ते मला कळायला लागलं. वकिलांकडं पुन्हा दोडके, मास्तरणीनं आज भात करपवला, असं एकमेकींना सांगून आम्ही दोघी हसायचो. हसता हसता अबोला कधी मोडला ते माझ्या लक्षातही आलं नाही. माझ्या आईनंतर मला कोणी इतकं हसवलं नव्हतं.

एकदा आत्याबाईंचा पाय मुरगळला, तेव्हा बादली घ्यायला मी सोबत गेले. त्यांची रीत मी तेव्हा पाहिली. मागच्या दारी त्या जायच्या नाहीत. पुढच्या दारात ताठ उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "म्हशीचं द्या व बाई." 'वाढा' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. आणि फुकट काही घ्यायच्या नाहीत. ज्या घरचं खरकटं घेतलं त्या घरी गोवऱ्या पोचवायच्या. घराघरांत बायका आमच्यासाठी मडकं ठेवायच्या, नाल्या तुंबत नाहीत, माशा होत नाहीत म्हणून खूशही असायच्या.

त्या दिवशी एका घरी बारशाचे लाडू उरले होते. बाई चांगल्या मनानं पानात बांधून घेऊन आली, म्हणाली, "नव्या सुनेला द्या." आत्याबाईंनी बादली पुढं केली. बाईचं तोंड उतरलं आणि लाडू बादलीत गेले. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला सांगू.

"ताजे होते व आत्याबाई," मी रस्त्यात म्हटलं.

"ताजे होते. पण बादली घेऊन गेलं का आपण म्हशीसाठी गेलो. तिथं आपल्यासाठी काही घ्याचं नाई. तिले द्याचंच असंन तं तिनं आपल्या घरी याव, बसाव, मंग देवाव. मी तिले चहा पाजीन."

ती बाई कधी आमच्या घरी आली नाही. येणारही नव्हती. गंमत पाहा, त्यांच्या घरची सालं आमच्या म्हशीला चालायची, आणि त्याच म्हशीच्या शेणाच्या गोवऱ्या त्यांच्या चुलीत चालायच्या. मधलं दूध तेवढं चालायचं नाही. आमच्या हातचं ना ते. म्हशीनं इकडून खायचं, तिकडून द्यायचं, आणि मधे आम्ही बाटलेले. मी हे एकदा तावातावानं बोलले तर आत्याबाई म्हणाल्या, "म्हशीले सांगू नको, तिले वाईट वाटंन."

आमचं दूध जायचं स्टँडजवळच्या हॉटेलात, आणि एका घरी. ते घर गल्लीच्या कोपऱ्यावर, मुसलमानाचं. मालक इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणायची. खाला दूध न्यायला स्वतः घरी यायच्या, आमच्या अंगणात बाजेवर बसायच्या, पान खायच्या आणि आत्याबाईंशी तासभर बोलायच्या. त्यांचं म्हशीचं मडकं वेगळं झाकून ठेवलेलं असायचं. त्यात हाड, मटण चुकून पडू नये म्हणून घरातल्या पोराबाळांना त्या मडक्याजवळ जायची बंदी होती.

असं माझं मन तिथं रमलं, आणि तेवढ्यात बाबांचा निरोप आला. पोरीला आठ दिवस माहेरी न्यायला येतो.

माहेरी जायला कोणती पोर नाचत नाही? मी नाचले नाही. बाबा येणार, राहणार, सकाळी ही बादली पाहणार. टोपली जाळणारा माणूस तो. ढेप आणि कुटार त्यांना काय समजावणार होते मी? ते मला घेऊन जातील आणि परत पाठवणार नाहीत, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. नवरा चांगला होता, पण खरं सांगते, त्या दिवशी रडू आलं ते सासूसाठी.

मी आत्याबाईंना म्हटलं, "बाबा हायेत तोवर बादली राहू द्या घरी. म्हैस कडब्यावर काढंन दोन दिवस."

"ताकाले जाऊन गाडगं कायले लपवाचं?" त्या म्हणाल्या. माझे डोळे भरलेले पाहून त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "बरं. ते उद्या येणार ना? उद्यापासून नाई जात."

पण बाबा आदल्या दिवशीच आले. ओळखीच्या कोणाचा ट्रक मिळाला, म्हणून आले. स्टँडवरून चालत येत होते आणि वकिलांच्या घरासमोर त्यांना विहीणबाई दिसल्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच. वर पायरीवर घरची बाई, खाली रस्त्यावर आपली विहीण, आणि वरून खाली पडणारी अर्धी पोळी.

घरी आले ते बसले नाहीत. मी पाणी दिलं, तांब्या तसाच ठेवला.

"पेटी भर," म्हणाले.

"बाबा, ते म्हशीचं हाये."

"म्हशीले तोंड हाये का मागाले? मागते ते माणूसच."

पहिल्या दिवशी मीही हेच म्हटलं होतं. मागून आत्याबाई आल्या, बादली गोठ्यापाशी ठेवली, हात धुतले आणि व्याह्यांना म्हणाल्या, "जयभीम, इवाई. बसा, हातपाय धुवा."

"जयभीम," बाबा म्हणाले. "तुम्ही कबूल केलतं."

"केलतं. अन् पाळलं."

"मी डोयानं पाह्यलं."

आत्याबाईंनी वाद घातला नाही. त्या म्हशीजवळ गेल्या. मी आत पेटी उघडून बसले. एक लुगडं ठेवायची, दोन बाहेर काढायची. बाबांचा आवाज मला लहानपणापासून माहीत. हा आवाज परत न फिरणाऱ्या माणसाचा होता. नवरा जीनवरून संध्याकाळी यायचा, आणि बाबा त्याच्या येण्याची वाट बघणार नव्हते.

तेवढ्यात दारातून हाक आली. "मेहमान आए ना तुम्हारे यहाँ?"

खाला होत्या. नवा सलवार-कुर्ता, डोळ्यांत सुरमा, दोन्ही हातांत एक कटोरा आणि त्यावर विणलेला रुमाल. त्या दिवशी ईद होती. गडबडीत मी विसरूनच गेले होते. कोपऱ्यावरून बाबांना येताना पाहून त्या लगबगीनं आल्या होत्या.

बाबा वळले. आज ईद आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, खाला माहीत नव्हत्या. त्यांना दिसलं की दुसऱ्या घरची बाई अन्न घेऊन या दारात आली आहे. सकाळी जे रस्त्यात पाहिलं तेच आता अंगणात. त्यांनी पुढं होऊन कटोरा दोन्ही हातांनी घेतला. खाला हसल्या. बाबा चालत गोठ्यापाशी गेले, रुमाल काढला आणि कटोरा बादलीत पालथा केला. मग परत येऊन रिकामा कटोरा आणि रुमाल खालांच्या हातात दिला.

"आम्ही लोकाचं अन्न घेत नाई, बाई." शांतपणे म्हणाले. रागसुद्धा नव्हता आवाजात.

खालांनी कटोऱ्याकडं पाहिलं. रुमालाची घडी घातली. "ठीक है, भाई," म्हणाल्या, आणि गेल्या. मी दारात नुसती उभी. मला बाबांचा इतका राग आला आणि बाबांची इतकी दया आली की दोन्हीतलं काय आधी करावं ते सुचेना.

आत्याबाई गोठ्यातून बाहेर आल्या. "इवाई," त्या म्हणाल्या, "ते म्हशीचं नव्हतं. ते तुमचं होतं."

बाबांनी बादलीकडं पाहिलं.

"आज त्यायची ईद हाये. महिनाभर त्या बाईनं रोजे धरले. ते शिरखुर्म्याचं दूध कोणाचं हाये माहीत हाये? ह्याच म्हशीचं. आज तिले सवड नव्हती, सकाळी मीच देऊन आली. अजून तिच्या पोराईनं तोंड लावलं नसंन. पाहुणा दिसला म्हणून पह्यला कटोरा तुमच्यासाठी भरला. उरलेलं नव्हतं ते, इवाई. पह्यलं होतं."

बाबा खाली बसले, तिथंच, गोठ्याच्या दगडावर. म्हशीनं बादलीत तोंड घातलं होतं. चारोळ्या, खारका, शेवया, ढेप, कुटार, सगळं एकच करून ती चाटत होती. आत्याबाईंनी तांब्या पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला. या खेपेला ते पाणी प्यायले.

"घर कोणतं त्यायचं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्यासोबत गेले. चार घरं ओलांडायची होती, पण बाबा असे चालले की जसं महागावला पायी निघालेत. दाराशी त्यांनी चपला काढल्या, त्याही पार रस्त्याच्या कडेला, आणि पायरीच्या खाली उभे राहिले. खाला बाहेर आल्या. डोळ्यांतला सुरमा पसरला होता.

"बाई, माह्यं चुकलं," बाबा म्हणाले. "मले वाटलं..." मग खाली मान घालून म्हणाले, "पुन्हा देता का?"

छप्पन सालानंतर माझ्या बाबांनी कोणाच्या दारात काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

"माँगना कायको, भाई," खाला म्हणाल्या. "अंदर तो आओ पहले."

बाबा आत गेले आणि दाराला लागून बसले. खालांनी त्यांना उठवलं, मधे चादरीवर बसवलं. घरचे मालक शेजारी येऊन बसले, दोन पोरं बसली, मला खालांनी आपल्याजवळ घेतलं. सगळ्यांच्या हातात कटोरे आले. बाबांनी पहिला चमचा घेतला आणि थांबले. मला वाटलं आवडला नाही. मग त्यांनी दुसरा चमचा भरून घेतला. मालक त्यांना कापसाचं विचारत होते, यंदा बोंडं कशी होती, भाव कसा होता. बाबा हळूहळू बोलायला लागले. कोणाच्या घरात मधोमध बसून, मांडी घालून, घरच्या माणसांच्या गुडघ्याला गुडघा लावून बाबा खात होते. असं त्यांना मी आमच्या लोकांच्या घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

खाणं झालं. बाबा कटोरा घेऊन उठले आणि सरळ मागच्या अंगणात गेले. तिथं पाण्याचा रांजण होता. त्यांनी डब्यानं पाणी घेतलं, उकिडवे बसले, चुलीजवळची राख घेतली आणि कटोरा घासायला लागले.

खाला मागोमाग धावल्या. "अरे भाई, ये क्या कर रहे?"

"धुवून देतो ना."

"कायको?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "आमच्या गावात धुवूनच द्या लागते," ते म्हणाले. "आम्ही धुतलं का मंग ते वरून पाणी टाकून घेतेत."

खालांनी वाकून राखेनं भरलेला तो कटोरा बाबांच्या हातातून काढून घेतला. "मेहमान बर्तन नहीं धोते," म्हणाल्या, आणि रांजणाजवळ घरच्या सगळ्यांचे उष्टे कटोरे पडले होते त्यात तो ठेवून दिला. पोरांनी येऊन आपापले त्याच्यावर टाकले.

बाबा उठून उभे राहिले. राखेचे हात तसेच. त्या ढिगाकडं ते बघत होते. सगळे कटोरे एकसारखे होते, आणि त्यांचा कोणता ते आता ओळखू येत नव्हतं.

खालांनी त्यांच्या हातांवर पाणी घातलं. आम्ही निघालो. गल्लीत आल्यावर बाबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, माझ्याकडं न बघता.

"पेटी भरली का?" त्यांनी विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

"भर. आठ दिवसांची भर. मंग मीच आणून सोडतो तुले."